गाभाऱ्याच्या उंबऱ्याबद्दल

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "जिला देव मान्य नाही, तिनं देवळाच्या कारभारात बोलू नये." फार लागलं मला ते. आपल्या देवळाच्या गाभाऱ्यात बायकांना जाऊ देत नाहीत. मला तिथे जायचंच नाही, मी बोलते ती आईसाठी. तिची श्रद्धा तुमच्यापेक्षा तसूभरही कमी नाही. देवाची उपकरणी ती घासते, नैवेद्य ती रांधते, आणि ताट मात्र उंबऱ्यापाशी तिच्या हातून काढून घेतात.

पंढरपुरात हीच आई विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवते. तिथे जे चालतं, त्यानं आपल्या गावात विटाळ कसा होतो? हा नियम देवानं सांगितला, असं तुम्हाला मनापासून वाटतं का?

पंढरीचं दारही सहज उघडलं नाही. चोखोबा जन्मभर बाहेर राहिले, त्यांची समाधीही महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे दलितांना आत जाता आलं. बडवे-उत्पात या पिढीजात पुजाऱ्यांचे हक्क काढून घेणारा कायदा 1973 चा, पण कोर्टातली लढाई संपायला जानेवारी 2014 उजाडलं. त्यानंतरही तुम्ही दोघं वारीला गेलात. विठ्ठल तुम्हाला कमी भेटला का?

शनिशिंगणापूरला शनीच्या चौथऱ्यावर बायकांना बंदी होती, त्या वादाच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयापुढे 1956 चा मंदिरप्रवेशाचा कायदा होता. पुरुषांना जिथे प्रवेश आहे तिथे बायकांना अडवता येत नाही, हे एप्रिल 2016 मध्ये स्पष्ट झालं आणि त्याच पाडव्याला चौथरा खुला झाला. पण बाबा, मला तुम्हाला कायद्याचा धाक घालायचा नाही. पोलिसांच्या भीतीनं दार उघडलं, तर गावात आईकडे कुणी धड बघणार नाही. विश्वस्तांनी आपणहून उघडलं तर तिचा मान राहील.

म्हणून गुरुवारच्या बैठकीत हा विषय तुम्हीच काढा. काकड्याला रोज सगळ्यांच्या आधी तुम्ही हजर असता. तुम्हाला नास्तिक म्हणायची कुणाची छाती नाही.

आई, तुला आत जावंसं वाटत नसेल तर नको जाऊस. पण ते तुझं तू ठरव. आणि वाटत असेल, तर गुरुवारच्या आधी बाबांना तसं स्पष्ट सांग. माझ्यापेक्षा तुझं बोलणं त्यांना जास्त पटेल.

तुमची,
ताई