सौम्य बळाने मनगट मोडत नाही : गृहमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय गृहमंत्री महोदय,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सविनय नमस्कार.

गेल्या रविवारी इंदुरात एका फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. मैदानाचं किंवा संयोजकांचं नाव आम्ही घेत नाही, कारण तक्रार एका मैदानापुरती नाही. सामन्याच्या तीन दिवस आधी बैठक झाली होती. शेवटची पंधरा मिनिटं उरली की तिन्ही फाटकं पूर्ण उघडायची, दोन्ही संघांच्या समर्थकांना वेगवेगळ्या रस्त्यांनी बाहेर काढायचं, फाटकांसमोर एकही दुचाकी उभी राहू द्यायची नाही, असं तिथे सर्वांसमोर ठरलं. प्रत्यक्षात शेवटची शिट्टी झाली तेव्हा एक फाटक उघडं होतं, आणि त्याचीही एकच झडप. दुसऱ्याला साखळी-कुलूप. तिसऱ्यासमोर मोटरसायकलींची दुहेरी रांग. जिंकलेले आणि हरलेले त्या एका झडपेत एकमेकांच्या अंगावर आले. रेटारेटी झाली, एक बाटली भिरकावली गेली आणि लाठ्या सुरू झाल्या. एका शाळकरी मुलाचं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी सांगण्यात आलं की हुल्लडबाज प्रेक्षकांवर सौम्य बळाचा वापर करावा लागला.

महोदय, सौम्य बळाने मनगट मोडत नाही. आणि ज्यांना हुल्लडबाज ठरवलं, ते फक्त घरी निघाले होते.

बंदोबस्त किती आहे, असं विचारलं की आपल्याकडे उत्तर डोक्यांत मिळतं. इतके शिपाई, इतके टीआय (ठाण्याचे निरीक्षक), इतक्या गाड्या. बाहेर पडायची वाट किती मीटर आहे, हे ना परवानगीच्या अर्जात असतं, ना बंदोबस्ताच्या आदेशात. आम्ही सोमवारी टेप घेऊन गेलो. प्रत्येक फाटक २.४ मीटर रुंद, म्हणजे एक झडप १.२ मीटर. ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षेसाठी जी ‘ग्रीन गाइड’ वापरतात, तिचं प्रमाण असं : सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं जातात, जिन्यावरून ६६, आणि सामना संपल्यावर सगळ्यांना बाहेर पडायला ८ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. आता मैदानात सहा हजार माणसं धरा. एका झडपेतून मिनिटाला ९८ जण निघतील. म्हणजे शेवटचा माणूस बाहेर यायला तासभर! तिन्ही फाटकं सताड उघडी असती, तर हेच काम सुमारे १० मिनिटांत झालं असतं. तेही ८ मिनिटांत बसत नाहीच. त्या तीन फाटकांवर ४,७०० पेक्षा जास्त माणसं आत घ्यायलाच नको होती. हा हिशेब करायला पाटी-पेन्सिल पुरते. परवानगीवर सही करणाऱ्या एकाही माणसाने तो केला नाही.

गर्दीत माणूस पायाखाली तुडवला जाऊन मरतो, असा समज आहे. बहुतेक वेळा तो उभ्याउभ्याच मरतो. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असली तर चालता येतं. सहा-सात झाली की आपण चालत नाही, गर्दी आपल्याला नेते. हात वर घेता येत नाहीत, छाती फुगत नाही आणि श्वास कोंडतो. मागच्याला पुढे काय चाललंय ते दिसत नाही, त्यामुळे तो रेटत राहतो. अशा वेळी पुढच्या रांगेवर लाठी उगारणं ही सगळ्यात घातक गोष्ट आहे. पुढचा मागे सरकू पाहतो, मागचा पुढे येतो आणि मधला चिरडतो. थांबवायचं असतं ते मागून. त्यासाठी भोंगा लागतो, उंचावर उभा राहून अख्खी गर्दी बघणारा एक माणूस लागतो, आणि फाटकावर झडप उघडी आहे याची खात्री करणारा दुसरा. रविवारी पहिला नव्हता. दुसऱ्याकडे किल्ली नव्हती. साखळी गंजलेली, कुलूप मुठीएवढं, आणि किल्ली ज्याच्या खिशात तो माणूस कुठे गेला हे कुणालाही माहीत नव्हतं.

ही नवी गोष्ट नाही. २ जानेवारी १९७१ ला ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानात सामना संपल्यावर जिन्यावरून उतरताना ६६ माणसं गेली. २४ मे १९६४ ला पेरूच्या लिमामध्ये अश्रुधूर सोडला गेला, लोक बाहेर धावले तर खाली दारं बंद. ३०० वर माणसं मेली. १ फेब्रुवारी २०१२ ला इजिप्तच्या पोर्ट सईदमध्ये पाहुण्या समर्थकांवर हल्ला झाला तेव्हा त्यांच्या बाजूचं फाटक बंद होतं. ७० हून अधिक जण मेले. १६ ऑगस्ट १९८० ला आपल्या कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांचा सामना चालू असताना खेळाडूंमध्ये झटापट झाली, स्टँडमध्ये मारामारी पेटली आणि १६ प्रेक्षक गेले. कोलकात्यात आजही तो दिवस पाळतात.

आणि १ ऑक्टोबर २०२२, इंडोनेशियातलं कंजुरुहान मैदान. हा दाखला तुमच्या खात्यातल्या प्रत्येक अधिकाऱ्याने पाठ करावा. भांडणाच्या भीतीने प्रतिस्पर्धी संघाच्या समर्थकांना त्या सामन्याला येऊच दिलं नव्हतं. म्हणजे मैदानात दुसरी बाजू नव्हतीच. तरी १३५ माणसं मेली, कारण यजमान संघ हरल्यावर काही जण मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी सोडली, आणि लोक अरुंद, अर्धवट उघड्या फाटकांवर जाऊन कोंबले गेले. मैदानालगतच्या बंदोबस्ताकडे बंदूक किंवा अश्रुधूर नसावा, असं ‘फिफा’चे सुरक्षा नियम सांगतात. मग आमच्या मैदानाच्या कडेला अश्रुधुराच्या बंदुका घेऊन जवान कशासाठी उभे होते?

प्रतिस्पर्धी समर्थकांना वेगळं ठेवणं म्हणजे मध्ये बांबूची रांग आणि तिच्या दोन्ही बाजूंना लाठीवाले, एवढंच समजलं जातं. ही विभागणी तिकिटापासून सुरू होते. तिकिटाचा रंग वेगळा, येण्याचा रस्ता वेगळा, बसण्याची बाजू वेगळी, दोन बाजूंच्या मध्ये रिकाम्या रांगांची पट्टी. शेवटी एका गटाला आधी सोडायचं आणि दुसऱ्याला १५-२० मिनिटं थांबवायचं. मात्र थांबवायचं असेल तर दिवे चालू हवेत, पाणी हवं, स्वच्छतागृह उघडं हवं, आणि दर दोन-तीन मिनिटांनी भोंग्यावरून खरी माहिती हवी : किती वेळ, का, कुठल्या रस्त्याने. काही न सांगता रोखून धरलेला गट दहाव्या मिनिटाला भडकतोच. बॅरिकेड दोरीने किंवा तारेने एकमेकांना बांधायचे नाहीत, हाताच्या एका झटक्याने बाजूला झाले पाहिजेत. फाटकाबाहेर निदान २० मीटर जागा मोकळी हवी. तिथे दुचाकी नको, पाणीपुरीची गाडी नको, आणि पोलिसांची गाडीसुद्धा नको.

पोलीस कसे दिसतात, यावरही बरंच ठरतं. २००४ साली पोर्तुगालमध्ये युरो स्पर्धा झाली तेव्हा मोठ्या शहरांत पोलीस साध्या गणवेशात, दोघादोघांनी, समर्थकांशी बोलत फिरत होते. हेल्मेट आणि ढालवाले जवळपासच, पण नजरेआड. इंग्लंडचे समर्थक हजारोंनी आले होते, तरी तिथे दंगा जवळजवळ झाला नाही. दंगा झाला तो अल्बुफेरा या किनाऱ्यावरच्या गावात, जिथला बंदोबस्त दुसऱ्या दलाकडे होता आणि पद्धतही वेगळी होती. क्लिफर्ड स्टॉट या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याचा नीट अभ्यास केला आहे. एकाने बाटली फेकली म्हणून सगळ्यांवर लाठी चालवली, की त्या क्षणापर्यंत एकमेकांना ओळखतही नसलेले लोक एक होतात, पोलिसांविरुद्ध. बाटली फेकणाऱ्याला ओळखून त्यालाच उचललं, तर बाकीचे स्वतःच दोन पावलं मागे होतात. त्यासाठी प्रत्येक गटाचे म्होरके कोण, ढोल कोण वाजवतो, घोषणा कोण सुरू करतो, हे माहीत असणारे दोन-तीन शिपाई कायम त्याच कामावर हवेत. आपल्याकडे दर सामन्याला नवे चेहरे, कुठल्या कुठल्या ठाण्यांतून गोळा करून आणलेले. सकाळपासून उन्हात उभे, दुपारचं जेवण नाही, प्यायला पाणी नाही. रात्री त्यांच्याकडून शांत डोक्याची अपेक्षा कशी करायची? त्या शिपायांबद्दल आमच्या मनात राग नाही. त्यांना काही न सांगता तिथे उभं करणाऱ्यांबद्दल आहे.

हे इंदूरला जमत नाही असं कुणी म्हणू नये. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, टोरी कॉर्नरपासून राजवाड्यापर्यंत लाखोंची गर्दी होते. तिच्यासाठी आठवडे आधी बैठका होतात, मार्ग आखला जातो, धोकादायक इमारतींवर चढायला बंदी होते, रुग्णवाहिकेसाठी वाट राखली जाते. गेर निर्दोष असते असं आमचं म्हणणं नाही, पण तिचा नकाशा असतो. तोच राजवाडा क्रिकेटचा सामना जिंकल्यावर रात्री तासाभरात भरतो. सराफ्याच्या गल्लीत खाणाऱ्यांची गर्दी आधीच असते, वर फटाके, दुचाकी, उघड्या जीपा. त्या रात्रीचा नकाशा कुणाकडे आहे? अंतिम सामन्याची तारीख काही महिने आधी छापलेली असते!

बंगळुरूला ४ जून २०२५ रोजी चिन्नास्वामी मैदानाच्या दारांवर ११ माणसं मेली, तेव्हा देशभर हळहळ झाली. कर्नाटकाने निदान गर्दी नियंत्रणाचं विधेयक तरी मांडलं. मध्य प्रदेशाला दुसऱ्याकडून धडा घ्यायची गरजच नव्हती. दतिया जिल्ह्यात रतनगडला १३ ऑक्टोबर २०१३ रोजी पूल पडतोय अशी अफवा उठली आणि ११५ माणसं गेली. त्याच ठिकाणी २००६ मध्येही यात्रेकरू सिंध नदीत वाहून गेले होते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दीच्या व्यवस्थापनाची मार्गदर्शिका काढली. ती आपल्या किती ठाण्यांत आहे? दर वेळी चौकशी नेमली जाते, भरपाई जाहीर होते, एखाद्या खालच्या अधिकाऱ्याची बदली होते, आणि फाटकाची रुंदी तेवढीच राहते. मेलेल्यांना अनियंत्रित गर्दी म्हणायचं आणि जिवंतांना हुल्लडबाज, एवढं केलं की कुणालाच काही बदलावं लागत नाही. लोकांना घरी सुखरूप पोचवणं ही शासनाची जबाबदारी आहे, हे वाक्य एकाही आदेशात का दिसत नाही?

आम्हाला भरपाई नको, सत्कार नको. पुढच्या सामन्याची परवानगी देण्याआधी प्रत्येक फाटकाची रुंदी मोजून त्याच कागदावर लिहावी, आणि त्या रुंदीत ८ मिनिटांत जितकी माणसं बाहेर पडतील तितकीच तिकिटं काढू द्यावीत. शेवटच्या पंधरा मिनिटांत प्रत्येक फाटकावर किल्ली कुणाच्या हातात असेल, त्याचं नाव आणि हुद्दा बंदोबस्ताच्या आदेशात असावा. मैदानाच्या आत अश्रुधूर वापरणार नाही, असा लेखी आदेश निघावा. रविवारी ठरलेली फाटकं का उघडली नाहीत, याची चौकशी व्हावी आणि तिचा अहवाल शहराला वाचायला मिळावा.

याच मैदानावर पुढचा सामना येत्या महिन्यात आहे. आज संध्याकाळी आम्ही तिथून आलो. दुसऱ्या फाटकाला तीच साखळी आहे, तेच कुलूप आहे.

आपले,
इंदूरच्या मैदानांवर फाटकं सांभाळणारे स्वयंसेवक