मागच्या सीटवरचा पट्टा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

पुढच्या महिन्यात तुम्ही दोघं गाडीने लांब निघताय, म्हणून हे पत्र. फोनवर सीट बेल्टचा विषय काढला की आई म्हणते, "मी मागे असते गं, मला काय होणार?" आणि बोलणं तिथेच थांबतं.

आई, धडक बसली की गाडी थांबते, आतला माणूस थांबत नाही. तो गाडीच्याच वेगाने पुढे जातो आणि समोर जे असेल त्यावर आदळतो. ताशी 50 किलोमीटर वेगाने आदळणं म्हणजे साधारण 10 मीटर उंचीवरून खाली पडणं. आणि तुझ्यासमोर काय असतं? बाबांची सीट. त्यांनी स्वतःचा पट्टा नीट लावलेला असला तरी पाठीमागून तुझ्या अंगाचा सगळा भार त्यांच्यावर येणार. मला जास्त भीती याचीच वाटते. मागच्या माणसाने पट्टा लावला नाही तर पुढचाही सुरक्षित राहत नाही. समोरची सीट घट्ट धरून बसेन म्हणशील, पण अशा धडकेत 60 किलोच्या माणसाला रोखायला टनाच्या आसपास जोर लागतो. एवढा जोर कुणाच्याच हातात नसतो.

बाबा, तुम्हाला यंत्रं समजून घ्यायला आवडतात. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा हा पट्टा निल्स बोलिन या इंजिनिअरने 1959 मध्ये व्हॉल्वोसाठी बनवला आणि कंपनीने त्याचं पेटंट इतरांनाही वापरू दिलं. धक्का पोटावर न येता छाती, खांदा आणि कमरेच्या मजबूत हाडांवर विभागला जावा, यासाठीच त्याची रचना आहे. पट्टा लावायलाच हवा असा कायदा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 1970 मध्ये केला. आता बहुतेक देशांत तसे नियम आहेत आणि कितीतरी ठिकाणी ते मागे बसणाऱ्यांनाही लागू आहेत. दंडाचं मी बोलतच नाही, तुम्ही दंडाला घाबरून काही करणाऱ्यांतले नाही.

एअरबॅग आहे म्हणून पट्ट्याची गरज नाही, हेही मनातून काढा. पट्ट्याने अंग जागेवर धरलेलं आहे असं गृहीत धरूनच ती बनवलेली असते. पट्टा नसेल तर माणूस पुढे फेकला जातो आणि फुगणाऱ्या एअरबॅगचाच मार खातो. पट्टा लावूनही छाती आणि स्टिअरिंगमध्ये निदान 25 सेंटीमीटर अंतर ठेवा.

आता लावायचा कसा ते. कमरेचा भाग पोटावर नको, खाली कमरेच्या हाडावर, मांड्यांच्या वर टेकलेला हवा. खांद्याचा भाग गळ्याच्या हाडावरून छातीच्या मधोमध यावा. आई, मानेला टोचतो म्हणून तू तो काखेतून घेतेस, ते अजिबात करू नकोस. तुझी हाडं आधीच ठिसूळ झालीत. काखेखालचा पट्टा सगळा जोर बरगड्यांवर टाकतो आणि आतल्या अवयवांना इजा होऊ शकते. टोचत असेल तर सीट थोडी उंच करून किंवा पट्ट्याची वरची कडी खालीवर करून पाहा. सीट फार मागे पाडून झोपू नकोस, पट्टा अंगापासून सुटतो आणि शरीर त्याखालून घसरतं. हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या टोकाइतका हवा, मागून धडक बसली तर मान वाचते.

नातवाला मांडीवर घेऊन एकाच पट्ट्यात बसायचं नाही. धडकेत तुझंच वजन त्याला चिरडेल. त्याची सीट मी आधी पाठवते, ती मागेच लावा.

वाटेत दर दोन तासांनी उतरून थोडं चाला, बसून बसून पायांत रक्ताची गुठळी होऊ शकते. जड पिशव्या डिकीत ठेवा, मागच्या काचेपाशी नको.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. मागच्या सीटवरचं कव्हर काढून बघा, बक्कलं त्याखाली दबली असतील. तिन्ही बक्कलं लावून, ओढून पाहा आणि मला फोन करा.

तुमची,
लेक