अर्धे नाव कोणी घ्यावे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गुन्ह्यांच्या बातम्यांत आरोपीच्या नावापुढे ‘ऊर्फ पक्या’, ‘ऊर्फ गण्या’ असे छापण्याचा प्रघात मराठी वृत्तपत्रांत जुना आहे. अपघातात दगावलेल्या मजुराचे किंवा ऊसतोडणी कामगाराचे नावही कधी कधी असेच अर्धे छापून येते. त्याच बातमीतला ठेकेदार मात्र स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा तिन्हींसह येतो. या रूपांमागचे व्याकरण आणि इतिहास पाहिला, तर ही सवय सोडणे का आवश्यक आहे ते ध्यानात येते, म्हणून हे पत्र.

शालेय व्याकरणात लघुत्वदर्शक रूपे भेटतात ती लिंगविचाराच्या प्रकरणात. लोटा-लोटी, विळा-विळी, दांडा-दांडी एवढ्यावर तो विषय आटोपतो. माणसांच्या नावांना होणारी रूपे तिथे नसतात. वास्तविक तीही तितकीच नियमबद्ध आहेत. प्रकाशचा पक्या, सुरेशचा सुऱ्या, विनायकचा विन्या: नावाची सुरुवात ठेवायची, जोडाक्षर असल्यास ते सोपे करायचे आणि शेवटी ‘या’ लावायचा. हे कोणी शिकवत नाही, तरी वर्गात नवा मुलगा आला की पहिल्याच दिवशी मुले त्याच्या नावाचे बिनचूक रूप तयार करतात. मुलींच्या नावांना याच रीतीने ‘ई’ लागते, जसे सुमनचे सुमी आणि सुलोचनाचे सुली. ‘ऊ’ लावला की तेच नाव मऊ होते. आई रागावली की विन्या, जवळ घेतले की विनू. छकुली, सोनुली, चिमुकली यांतल्या प्रत्ययांनी कोणाचा अपमान करता येत नाही; ‘या’ आणि ‘ई’ यांनी मात्र माया आणि तुच्छता दोन्ही व्यक्त होतात, आणि त्यांतले नेमके काय हे बोलणाऱ्याच्या नात्यावरून ठरते.

हे दुहेरीपण पाणिनीनेही नोंदवले आहे. अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात ‘कुत्सिते’ आणि ‘अनुकम्पायाम्’ ही दोन सूत्रे जवळजवळ येतात. निंदा करायची तरी ‘क’ प्रत्यय आणि कळवळा दाखवायचा तरी ‘क’ प्रत्यय: निंद्य घोडा तो ‘अश्वक’ आणि कीव यावी असा लेक तो ‘पुत्रक’. पुढे माणसांच्या लांबलचक नावांसाठी वेगळे नियम आहेत. दुसऱ्या स्वरानंतरचा भाग गाळून प्रत्यय लावला की देवदत्ताचे देविक, देविय किंवा देविल होते. प्रत्यय निराळे, पण नाव छाटण्याची रीत आपल्या विन्या-सुऱ्याच्या किती जवळची आहे!

आपल्या संतांनी या रूपांचा जो उपयोग केला, त्याला तोड नाही. नामा, चोखा, जनी, तुका ही नावे त्यांनी स्वतः अभंगांत घातली. देवाच्या दारात त्यांनी आपले नाव आपल्या हाताने लहान केले, आणि लोकांनी ते ‘चोखोबा’, ‘तुकोबा’ असे आदराने मोठे केले. जनाबाईने तर पुढे जाऊन देवालाच ‘विठ्या’ म्हटले. तो हक्क तिला भक्तीने मिळाला होता. तिऱ्हाइताच्या तोंडी तोच शब्द निंदा ठरला असता.

गावगाड्यात मात्र हे रूप जातीच्या उतरंडीवर बसवले गेले. एका आळीतला सखाराम सखारामपंत झाला आणि वेशीबाहेरचा सखाराम केस पिकले तरी सख्याच राहिला. वाड्यातल्या लहान पोरानेही त्याला तसेच हाकारायचे आणि त्याने ‘जी’ म्हणून ओ द्यायची. त्याच्या घरी त्याची आईही त्याला सख्याच म्हणत असेल. अक्षरे तीच, पण ती उच्चारण्याचा हक्क एकाला नात्याने मिळाला होता आणि दुसऱ्याने तो बळाने घेतला होता.

रशियातही हेच घडले. इवानचे साधे घरगुती रूप वान्या, लाडाचे वानेच्का आणि हिणवण्याचे वान्का. सतराव्या शतकात झारकडे अर्ज करणारे मोठमोठे सरदारही स्वतःला ‘तुझा दास इवाश्का’ असे लिहीत. पहिल्या पीटरने १७०१च्या अखेरीस फर्मान काढून ही अर्धी नावे बंद केली आणि सर्व दर्जाच्या लोकांनी आपले नाव पूर्ण लिहावे असे ठरवले. स्वतः निरंकुश सत्ता गाजवणाऱ्या राजालाही सरकारी कागदावर अर्धे नाव नको वाटले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. याउलट ब्राझीलमध्ये रोनाल्डो डी असीस मोरेरा हा फुटबॉलपटू ‘रोनाल्डिन्यो’, म्हणजे छोटा रोनाल्डो, या नावाने जगभर खेळला, आणि त्यात कमीपणा कोणालाच वाटला नाही, कारण ते नाव त्याने आपले मानले होते.

छापील मजकूर हा कोणाचा मित्र नसतो की आई नसते. म्हणून विनंती अशी, की ज्या व्यक्तीने असे नाव स्वतः जाहीरपणे स्वीकारले आहे, अशा कलावंताचे किंवा खेळाडूचे ते अवश्य छापावे. आरोपीचे ‘ऊर्फ’ नाव ओळख पटवण्यासाठी खरोखर लागत असेल तरच द्यावे, मथळ्यात तर देऊच नये. आरोप अजून सिद्ध झालेला नसतो आणि त्या नावाने त्याला हाक मारणारी माणसे घरात ती बातमी वाचत असतात. मजुराचे पूर्ण नाव त्याच्या नातेवाइकांना किंवा सोबत्यांना विचारून घ्यावे, आणि छपाईच्या वेळेपर्यंत ते मिळालेच नाही, तर पूर्ण नाव समजू शकले नाही असे बातमीत स्पष्ट लिहावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, सातारा