सूचना : डिस्चार्ज बुकातल्या पदकांच्या नोंदी तपासा

सर्व माजी सैनिक सभासदांना नमस्कार.

गेल्या बैठकीत आपल्या एका सुभेदार साहेबांच्या कोटावर पदकांच्या पाच फिती होत्या, डिस्चार्ज बुकात (निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवानोंदींच्या पुस्तकात) मात्र तीनच पदकं. ९ आणि २० वर्षांच्या दीर्घ सेवेची पदकं चढलीच नव्हती! त्यामुळे आपापलं बुक आजच काढा आणि पदकांचा रकाना नीट वाचा. १५ ऑगस्ट १९९७ रोजी जे नोकरीत होते, त्यांनी स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचं पदक आहे ना, हे जरूर बघावं. सगळ्यांना लागू असलेलं पदकच बहुधा नजरेतून सुटतं.

नोंद राहिली असेल तर अर्ज आपल्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला करायचा. आर्मी नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि त्या काळातली पोस्टिंग स्पष्ट लिहा. पार्ट टू ऑर्डरची (सैनिकाच्या सेवेतल्या नोंदी अधिकृतपणे जाहीर करणाऱ्या आदेशाची) प्रत हाताशी असेल तर उत्तमच. झेरॉक्सच जोडा, मूळ बुक कृपया पोस्टात टाकू नका. आणि पेनाने स्वतः काही भरू नका, खाडाखोड दिसली की प्रकरण लांबतं.

अर्जाचा मसुदा हवा असल्यास सचिवांकडे मागावा.

— सचिव