आई-बाबा, मी इथे फ्लॅट घेतलाय

प्रिय आई-बाबा,

फोनवरच सांगणार होते, पण बाबा नुसतं "बरं" म्हणून गप्प झाले असते आणि आईने विषय बदलून जेवलीस का विचारलं असतं, म्हणून लिहितेय. इथे चेक रिपब्लिकमध्येच, ब्रनोत फ्लॅट घेतलाय, पैसे सोमवारी भरले. याचा अर्थ मी परत येणार नाही असा अजिबात काढू नका हं. भाडं आणि हप्ता यात फारसा फरक नाहीये, आणि मला एकटीला एक खोली पुरली असती, दुसरी तुमच्यासाठी आहे म्हणूनच हा घेतला.

मन पक्कं झालं ते व्हिला तुगेंडहाट बघून आल्यावर. तिकीट कितीतरी आधी काढावं लागतं, जानेवारीतलं मिळालं. बाबा, तुम्ही हवे होतात हो बरोबर! 1929-30 साली मीस व्हान डेर रोए या जर्मन आर्किटेक्टने बांधलेलं घर, उतारावर असल्याने रस्त्यावरून बुटकंसं दिसतं, आपण शिरतो तोच वरचा मजला, बेडरूम तिथे, आणि मग जिना उतरून खाली हॉल. सगळा भार स्टीलच्या खांबांवर, तेही अधिकच्या चिन्हासारखे, वरून क्रोमचे चकचकीत. भिंतींवर वजनच नाही, म्हणून बागेकडची अख्खी बाजू काचेची आणि त्यातल्या दोन भल्यामोठ्या काचा मोटरने सरळ खाली तळघरात उतरतात. मला आपल्या घराचा स्लॅब टाकला ते दिवस आठवले, संध्याकाळी पाणी मारायला जाताना तुम्ही मला खांद्यावर घेऊन हा कॉलम, ही बीम असं दाखवायचात, आणि मी बीमला भीम म्हणायचे.

आई, तुला तिथली ऑनिक्सची भिंत आवडली असती. मोरोक्कोहून आणलेला मधाच्या रंगाचा दगड, हिवाळ्यात सूर्य खाली आला की ऊन आरपार जाऊन तांबूस पेटतो. ढग होते, मला थोडंसंच दिसलं, पण तेवढ्यानेही भरून आलं.

खरं सांगू, आत काहीतरी हललं ते वेगळ्याच गोष्टीने. घराची मालकीण ग्रेटे, तिला ही जागा आईवडिलांनी लग्नात दिली, त्यांच्याच बागेचा वरचा तुकडा, आणि बांधकामाचा खर्चही त्यांनीच केला. त्यांचं घर अजून खाली आहे. म्हणजे आईकडे जायचं तर बाग उतरायची, बस. मी काचेपाशी उभी राहून तेच बघत होते.

तिलाही ते सुख जेमतेम साडेसात वर्षं मिळालं. ज्यू होते ते, नाझींच्या भीतीने 1938 मध्ये मुलांना घेऊन स्वित्झर्लंड, तिथून व्हेनेझुएला. घर मागे राहिलं. जेवणाच्या टेबलामागची आबनुसाची अर्धगोल भिंत युद्धात काढून नेली होती, तिच्या फळ्या 2011 मध्ये ब्रनोतल्याच लॉ फॅकल्टीच्या कँटीनमध्ये सापडल्या, युद्धात तिथे गेस्टापोचं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचं ऑफिस होतं. आता त्या परत आपल्या जागेवर आहेत. 2012 पासून घर दुरुस्त होऊन लोकांना बघायला उघडं आहे.

हे वाचून काळजी करत बसू नका, आत्ता इथे सगळं शांत आहे. बाग उतरून मला तुमच्याकडे येता येत नाही, म्हणून तुमची खोली आधी लावून ठेवतेय एवढंच. लिफ्ट आहे, एकही पायरी चढायची नाही. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवतेय आणि बादली-तांब्या आणून ठेवलाय, शॉवरखाली आईला चैन पडत नाही माहितीये मला. हीटर गरम असतो, रात्री स्वेटर लागणार नाही. तूरडाळ मिळते. बाल्कनी दक्षिणेची, तुळशीला भरपूर ऊन.

मे महिन्यात यायचं, पासपोर्टची तारीख आजच बघा. बाबा, बीपीची गोळी नाश्त्याआधी, फिरून आल्यावर नाही. आई, युद्धानंतर त्या हॉलमध्ये कितीतरी वर्षं पाठीचा त्रास असलेली मुलं व्यायाम करायची, तू दहा मिनिटं तरी कर ना गं, माझ्यासाठी.

आणि आपल्या पलंगाची उंची मोजून पाठवा, तेवढाच घेते म्हणजे गुडघ्यावर जोर येणार नाही. टेप देवघराच्या खालच्या खणात आहे.

तुमची,
मनू