विडी वळणाऱ्या बाईलाही विचारा

संपादक महोदय,

समतेसाठी झटणाऱ्यांच्या मुलाखतींची मालिका करण्याचा आपला विचार आहे. अशा मुलाखती मी आवडीने वाचतो. पण त्या बहुतेक वेळा नेत्यापाशीच थांबतात. सोलापूरजवळ कुंभारी येथे असंघटित कामगारांसाठी उभारलेल्या रे नगर वसाहतीतील ३० हजारांपैकी पहिल्या १५ हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. भाषणे भरपूर वाचली. घर मिळालेल्या बाईचे म्हणणे मात्र मला शोधावे लागले.

सोलापूरच्या आमच्या तेलुगूभाषक पूर्व भागात विडी वळणाऱ्या बाईजवळ बसून पाहा. तेंदूपान भिजवायचे, कात्रीने मापात कापायचे, तंबाखू भरून वळायचे, वर दोरा, मजुरीचा हिशेब हजार विड्यांमागे. माल देताना किती विड्या खराब ठरवून बाजूला काढल्या, इथूनच तिचे बोलणे सुरू होते. हीच खरी विषमतेची चर्चा, परिसंवादातली नव्हे! १९६६ चा विडी कामगार कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता येईपर्यंत घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही लागू होता. तो तिच्यापर्यंत कितपत पोहोचला, हे नेत्यांइतकेच तिलाही विचारायला हवे.

आपण अशी मालिका जरूर करावी. फक्त वार्ताहर तेलुगू येणारा पाठवा आणि मालकाच्या माणसासमोर प्रश्न विचारू नका.

– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर