काकू, तुमचे डोळे चांगलेच होते

ती. काकू,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या पत्त्यावर न पाठवता असं सगळ्यांसमोर लिहितेय, कारण समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता. दिवाळीनंतर धुळ्याला आले होते तेव्हा दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा तुम्ही मला चहा गार होतोय म्हणून गप्प केलंत. आज गप्प बसणार नाही.

पोस्टातली आरडी या जानेवारीत पूर्ण झाली. 2021 च्या जानेवारीत तुमच्याबरोबर जाऊन उघडलेली, महिन्याला 300 रुपयांची. 60 हप्ते भरले, एकही चुकला नाही. मुद्दल 18,000 आणि व्याज धरून हातात 20,900 च्या वर आले. लेकीच्या बारावीनंतरच्या प्रवेशासाठी तसेच बाजूला ठेवलेत. पोस्टातून बाहेर पडले आणि पायरीवरच बसून राहिले थोडा वेळ. ज्या घरात 2020 च्या जुलैमध्ये दूधवाल्याचे पैसे द्यायला नव्हते, त्या घराची ही रक्कम आहे.

तो जुलै तुम्हाला आठवतच असेल. लॉकडाऊनमध्ये ह्यांचा नाशिकमधल्या अंबडचा कारखाना बंद पडला. पुन्हा सुरू झाला तेव्हा कायम कामगारांना बोलावणं आलं, कंत्राटावरच्यांना आलं नाही. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासरे. तेव्हा तुम्ही इथेच, आमच्या वरच्या मजल्यावर राहायचात. मी तुमच्याकडे वर आले ती 5,000 रुपये उसने मागायला. जिन्यात तीन वेळा थांबले होते. तुम्ही कपाटातून पाकीट काढलंत, पैसे दिलेत आणि एकही प्रश्न विचारला नाहीत. पुढे दर महिन्याला 500 करून मी ते फेडले आणि तुम्ही ते परत घेतलेत. 'राहू दे गं' म्हणाला असतात तर मला पुन्हा कधी तुमच्याकडे मान वर करून येता आलं नसतं. ते घेतलेत याचेही आभार.

पण खरं देणं पैशांचं नव्हतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही खाली आलात आणि म्हणालात, 'अगं, आताशा मला बारीक दिसत नाही. जिन्याखालच्या मीटरचा आकडा वाचून देतेस का? दर एक तारखेला लिहून ठेवते मी.' मी वाचून दिला. वर येऊन तुम्ही भिंतीवरचं कालनिर्णय काढलंत, पान उलटलंत आणि तो आकडा मागे लिहिलात. त्या पानाच्या मागे तुमचं सगळं घर होतं, काकू. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कुठली कडधान्यं कधी आणली, गोडंतेल किती दिवस पुरलं. मग सहज विचारावं तसं विचारलंत, 'तुमच्या मीटरला किती झालंय? तोही वाचून ये, शेजारी लिहू.'

मला वाटलं म्हातारं माणूस आहे, सोबत हवी आहे. मी दर एक तारखेला यायला लागले. तिसऱ्या महिन्यात माझं मलाच दिसायला लागलं. आमचे युनिट दीडशेच्या आसपास जात होते आणि महावितरणच्या दरात 100 युनिटच्या पुढचा टप्पा कितीतरी चढा आहे, म्हणजे आमचं बिल वरच्या त्या पन्नास युनिटांनी फुगत होतं. मग आपण दोघींनी बसून शोधलं. गॅलरीत रात्रभर जळणारा साठ वॅटचा जुना दिवा रोज दहा तासांप्रमाणे महिन्याला 18 युनिट खात होता. त्या जागी 9 वॅटचा एलईडी लावला, तो तेवढ्याच वेळात 3 युनिटसुद्धा घेत नाही. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की 1 युनिट जातो हे तुम्ही मला कागदावर गुणाकार करून दाखवलंत. दोन्ही मुलांच्या आंघोळी तेव्हापासून पाठोपाठ होतात, मध्ये गीझर पुन्हा तापवायचा नाही. दिवाळीच्या महिन्यात आकडा 104 वर आला तेव्हा मी जिन्यातूनच तुम्हाला ओरडून सांगितला होता.

सिलिंडरचंही तसंच. 'मला उचलवत नाही, तू जरा खाली उभी राहा आणि वजन करून घे' म्हणालात. सिलिंडरच्या कड्यावर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, त्यात 14.2 किलो मिळवायचे, तेवढा काटा दाखवला तरच पावती घ्यायची, हे मी तुमच्या सिलिंडरवर शिकले. लग्न होऊन तेरा वर्षं झाली होती आणि मी एकदाही काटा मागितला नव्हता. घरी स्वयंपाक करताना मी डाळीला पाच शिट्ट्या मोजायची आणि घाईत चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडायची. तुमच्याकडे डाळ अर्धा तास भिजलेली असायची. भात, वरण आणि बटाटे एकाच कुकरात तीन डब्यांत, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, आठ-दहा मिनिटांनी बंद, आणि मग वाफ जिरेपर्यंत कुकरला हात लावायचा नाही. 'वाफ फुकट शिजवते, तिला शिजवू दे' हे तुमचं वाक्य आमच्याकडे आता मुलगाही म्हणतो. महिना जेमतेम निघणारा सिलिंडर आमच्याकडे चाळीस दिवस जायला लागला.

आणि दोडक्याच्या शिरा! त्या दिवशी मी भाजी चिरून साली कचऱ्यात टाकत होते आणि तुम्ही दारात उभ्या होतात. 'टाकतेस कशाला, मला दे, मला चटणी करायचीय,' म्हणालात. मग मलाच परतायला बसवलंत. शिरा अगदी बारीक चिरलेल्या, लोखंडी तवा, चमचाभर तेल. मी आच मोठी केली की तुम्ही कमी करायच्या. पंधरा-वीस मिनिटं नुसतं हलवत राहायचं. हिरव्या शिरा आधी मऊ पडल्या, मग आक्रसल्या, मग कडेने तांबूस होऊन तव्यावर खुळखुळायला लागल्या. तेव्हा तीळ, किसलेलं सुकं खोबरं, लसूण, मिरची, मीठ आणि अगदी चिमूटभर साखर. त्या संध्याकाळी भाकरीबरोबर मुलांनी भाजीकडे पाहिलंही नाही. सासरे म्हणाले, त्यांची आई अशीच करायची. काटकसरीच्या नावाखाली ताटात काहीतरी कमी येतं अशी माझी समजूत होती. त्या दिवशी ताटात एक पदार्थ जास्त होता. मग मटारच्या टरफलांची भाजी, मुळ्याच्या पाल्याचा झुणका, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची थालीपीठं, एकेक करत सगळं आलं.

दुधावरची साय मी चहात घालून संपवायची. तुम्ही एक स्टीलचा डबा दिलात. रोजच्या लिटरभर म्हशीच्या दुधाची साय आठवडाभर साठवून, विरजून घुसळली की घरचं लोणी निघतं, ताक होतं, आणि दीड-दोनशे ग्रॅम तूप कढतं. तेव्हापासून आमच्या घरात तूप विकत आणलेलं नाही. तूप गाळल्यावर भांड्याला राहते ती बेरी साखर घालून खाण्यावरून माझी दोन्ही मुलं अजून भांडतात.

कांद्याबद्दल मात्र मी नाशिकची असून अडाणी होते. लासलगाव एवढं जवळ आणि मी दर आठवड्याला किलो-दोन किलो आणायची, भाव असेल त्या भावाने. लाल कांदा टिकत नाही, त्याला पाणी सुटतं आणि कोंब येतात. साठवायचा तो उन्हाळ कांदा, एप्रिल-मेमध्ये निघणारा, मान पूर्ण सुकलेला आणि वरचं साल कोरडं वाजणारा. 2021 च्या मेमध्ये तुम्ही गोणी आणवलीत आणि मला म्हणालात, 'मला एकटीला एवढा कांदा काय करायचाय, अर्धा तू घे आणि पसरायला ये.' कॉटखाली पोती अंथरून एका थरात पसरलेला तो कांदा, दर पंधरा दिवसांनी हात फिरवून निवडायचा, नरम लागला तो आधी वापरायचा, बटाट्याशेजारी ठेवायचा नाही. आमचा कांदा गणपती, नवरात्र करत दिवाळीपर्यंत पुरला. पावसाळा सरताना भाव चढला तेव्हा आम्ही बाजारात कांद्याकडे बघितलंसुद्धा नाही.

वर्षाचं धान्य भरा असं सगळे सांगतात. पण ज्याच्या हातात एकरकमी पैसे नाहीत त्याने काय करायचं, हे कुणी सांगत नाही. तुम्ही ते सोडवलंत. आपल्या इमारतीतल्या चार घरांनी मिळून निफाडकडच्या शेतकऱ्याकडून गहू घेतला, प्रत्येकीने जमेल तेवढा, कुणी पन्नास किलो तर कुणी क्विंटल. माझे पन्नास किलो होते आणि तुम्ही त्याबद्दल कुणासमोर शब्द काढला नाहीत. गच्चीवर ऊन दाखवून, एरंडेलाचा हात लावून, कडुलिंबाचा सुकवलेला पाला घालून भरलेली ती कोठी होती. चाळताना तुम्ही मला गव्हात खडा कसा दिसतो ते दाखवत होतात, आणि तेव्हाही मला शंका आली नाही.

शंका कधी आली सांगू? 2022 च्या हिवाळ्यात, गोधडी शिवायला बसलो तेव्हा. तुमच्या तीन जुन्या सुती साड्या, माझ्या दोन, मध्ये सासऱ्यांचं धोतर. संध्याकाळची वेळ होती, दिवा लावलेला नव्हता. मी सुईत दोरा ओवत होते आणि दोनदा चुकला. तुम्ही माझ्या हातातून सुई घेतलीत, बोलता बोलता दोरा जिभेला लावलात आणि एका झटक्यात ओवून परत दिलीत. चष्माही लावला नव्हतात.

मी काहीच बोलले नाही. घरी येऊन मात्र रात्री झोप लागली नाही. मीटरचा आकडा, सिलिंडरचं वजन, दोडक्याच्या शिरा, कांदे पसरणं, गव्हातले खडे. अडीच वर्षं तुम्ही माझ्याकडे मदत मागत होतात आणि त्यातल्या कशाचीच तुम्हाला गरज नव्हती. तुम्ही मला शिकवायला बसवलं असतंत तर मी त्या दिवसांत नक्कीच आले नसते. तेव्हा माझ्या मनात एवढा सल होता की 'असं करावं, तसं करावं' म्हणणाऱ्या सख्ख्या नणंदेशी मी बोलणं सोडलं होतं. तुम्ही मला गरजू केलं नाहीत. मला वाटत राहिलं की वरच्या एकट्या काकूंना माझा आधार आहे, आणि त्या एका समजुतीवर मी ते वर्ष उभी राहिले.

कुठे हात आखडायचा नाही तेही तुमच्याकडूनच घेतलं. मुलांचं दूध कमी करायचं नाही. सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. डॉक्टरांना विचारून तीच औषधं जनऔषधी केंद्रातून आणायला लागलो आणि औषधांचा खर्च निम्म्याहून खाली आला, पण गोळी एकही दिवस चुकली नाही. आणि बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर शेवटी पालेभाजीच्या चार जुड्या घेऊन बसलेल्या बाईशी घासाघीस करायची नाही. संध्याकाळी भाजी स्वस्त होते म्हणून आपण उशिरा जायचो, पण तिने सांगितलेला भाव तुम्ही तसाच द्यायच्या. मीही देते.

हे आता सिन्नरच्या कंपनीत आहेत, कायम झालेत. पगार येतो. तरी कालनिर्णयाच्या मागच्या पानावर मी लिहितेच. या महिन्यात 97 युनिट झालेत. दुधाचे दोन खाडे. सिलिंडर सहा तारखेला लावला.

काकू, उन्हाळ कांद्याची गोणी परवा आली आहे. अजून तशीच दारामागे उभी आहे. कॉट सरकवून जागा केली, पोती झटकली, पण मान पुरती सुकली आहे की नाही हे मला काही नीट कळत नाहीये. पंच्याहत्तरी झाल्यापासून तुम्हाला एसटीत तिकीट पडत नाही, आणि परत धुळ्याला सोडायला मी येईन तेव्हा मला अर्धंच पडेल. चार दिवस या. मला एकटीला नाही जमायचं.

तुमची,
खालच्या मजल्यावरची